दांडा कोथिंबिरीला, खापर शेतकऱ्यावर



दरवर्षी चैत्र संपत आला की आमच्याकडे एकाच तऱ्हेची तक्रार घेऊन माणसे येऊ लागतात. हातात उपटून आणलेली कोथिंबीर असते. वीतभर उंची, बुडाशी दोन-चार रुंद पाने, मधून सरळ वर गेलेला दांडा, वरची पाने शेपूसारखी चिरलेली आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा गुच्छ. अशी जुडी बाजारात कोणी हातात धरत नाही. पेरून महिना झालेला असतो, बियाण्याचे, नांगरटीचे, पाण्याचे, निंदणीचे पैसे गेलेले असतात, आणि गडी लावून काढायलाही परवडत नाही म्हणून वाफ्यात शेळ्या सोडाव्या लागतात.

मग हा शेतकरी तज्ज्ञाकडे जातो. तज्ज्ञ विचारतो, पाणी किती दिवसांनी दिले? पाचव्या दिवशी दिले म्हटले तर म्हणतो, चौथ्या दिवशी द्यायला हवे होते. चौथ्या दिवशी दिले म्हटले तर म्हणतो, मग पाणी जास्त झाले. पेरणी दाट झाली असे सांगणारा आणि पेरणी विरळ झाली असे सांगणारा एकाच कार्यालयात, एकाच बाकावर बसलेले आम्ही पाहिले आहेत. दुकानदाराकडे जावे तर तो म्हणतो, बी एक नंबर आहे, तुमचे व्यवस्थापन चुकले. 'व्यवस्थापन' हा शब्द शेतीच्या शाळेत शिकवतात तो बहुधा याच कामासाठी. नफा झाला तर वाणाचा गुण, तोटा झाला तर शेतकऱ्याचे व्यवस्थापन!

हे सगळे आम्ही तोऱ्यात लिहीत नाही. आम्हीही कृषीची पदवी घेतली आणि काही वर्षे याच बाकावर बसलो. सिन्नरकडच्या एका बांधावर उभे राहून आम्ही एका वयस्क बाईंना हेच सांगितले होते, 'मावशी, पाण्याचा ताण पडला.' मावशी काही बोलल्या नाहीत. आम्हाला हाताला धरून शेजारच्या वाफ्याकडे घेऊन गेल्या. तिथे कोथिंबीर चांगली घोट्याच्या वर भरलेली, हिरवीगार, एका झाडाला दांडा नाही. पेरा एकाच दिवसाचा, पाणी एकाच पाटाचे. मावशी म्हणाल्या, 'साहेब, ह्याला पाणी आन् त्याला काय मी दूध पाजलं व्हतं का? त्ये दुकानाचं बी हाय, ह्ये घरचं हाय.' पदवीच्या चार वर्षांत जे कळले नाही ते त्या बांधावर कळायला सुरुवात झाली. ज्या कार्यालयाच्या वतीने आम्ही गेलो होतो तिथे आमच्या अहवालात मात्र 'पाण्याचा ताण' हेच कारण लिहिले गेले, आणि सही आमचीच होती.

तेव्हा या अंकात दांडा का येतो ते नीट समजून घेऊ. कारण ज्याला कारण माहीत आहे त्याच्या गळ्यात खापर बांधता येत नाही.

झाडाला फूल कधी काढायचे हे कोण सांगते? अमेरिकेच्या शेती खात्यातले गार्नर आणि अलार्ड हे दोन शास्त्रज्ञ १९२० च्या आधी याच प्रश्नाने हैराण झाले होते. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता, मेरिलँड मॅमथ नावाचा. उन्हाळ्यात शेतात तो माणसाच्या डोक्यावर जायचा, पानांवर पाने काढायचा, पण फूल काही येईना आणि बी मिळेना. तोच वाण हिवाळ्यात काचघरात लावला की छोटाच राहून फुलायचा. त्यांनी ऊब, ओल, खत सगळे फिरवून पाहिले. शेवटी भर उन्हाळ्यात कुंड्या दुपारी उचलून अंधाऱ्या खोपटात ठेवल्या, म्हणजे दिवस मुद्दाम लहान केला, आणि तंबाखू फुलला. झाड दिवसाची लांबी मोजते हे १९२० साली त्यांनी छापून सिद्ध केले. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले की झाड खरे म्हणजे दिवस मोजत नाही, सलग अंधाराची रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला तरी हिशोब मोडतो. शेवंतीवाले रात्री वावरात बल्ब पेटवून फूल लांबवतात ते याच नियमाने. शंभर वर्षांपूर्वी त्या दोघांनी पाणी आणि खत ही कारणे तपासून बाजूला ठेवली. आमच्याकडचे साहेब अजून तिथेच घुटमळत आहेत.

आता आपल्या शिवारात या. पंचांगात 'दिनमान' म्हणून जे छापतात, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ, तेच हे. पुण्याच्या आसपास २२ डिसेंबरला दिनमान सुमारे ११ तास असते आणि २१ जूनला सव्वातेरा तास. सावंतवाडीकडे जूनचा मोठा दिवस पुण्यापेक्षा दहा मिनिटांनी लहान, नागपूरकडे दहा मिनिटांनी मोठा. दिल्लीला तोच दिवस जवळजवळ १४ तासांचा होतो. हिमाचलच्या कुलू खोऱ्यात सव्वाचौदा. आणि जिथून विलायती पालकाचे आणि लेट्यूसचे बी येते त्या हॉलंडमध्ये पावणेसतरा. आपला सगळा खेळ वर्षभरात सव्वादोन तासांचा आहे. म्हणून शिकलेली माणसे म्हणतात की महाराष्ट्रात दिवसाच्या लांबीचा काय परिणाम होणार! झाडाला विचारले असते तर त्यांनी असे म्हटले नसते.

भाज्यांच्या दोन जाती समजा. वाण आपण बोलतो ती जात नव्हे, स्वभावाची जात. पहिली आखूड दिवसाची. अंबाडी घ्या. मृगात पेरलेली अंबाडी पुरुषभर वाढते, पाने देत राहते आणि हस्त उलटला, रात्र मोठी झाली की फुलते. तीच अंबाडी हस्तात पेरली तर गुडघ्याएवढी होते न होते तोच फुलते. जमीन तीच, पाणी तेच. राजगिरा-माठाच्या बहुतेक वाणांचा स्वभावही याच वळणाचा. ही भाजी चैत्रापासून श्रावणापर्यंत पानाची, पुढे फुलाची. दुसरी जात लांब दिवसाची. कोथिंबीर, पालक, शेपू, मेथी या घराण्यातल्या. यांना रात्र लहान होत गेली की दांडा सुटतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो असे आपल्या घरात म्हणतात. तो तीळतीळ ही झाडे मोजत असतात. होळीपर्यंत दिनमान १२ तासांच्या घरात येते आणि वैशाखात पावणेतेरावर जाते. ज्या वाणाचा काटा साडेबारा तासांवर लावलेला आहे तो माघात पेरला तर चार कापण्या देईल आणि वैशाखात पेरला तर एकही धड देणार नाही. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ आहे हा.

एक गोष्ट जाता जाता. आपली जुनी माणसे पेरा नक्षत्रावर धरत, तिथीवर नाही. तिथी चंद्राची, अधिक महिना आला की पाडवा मागेपुढे सरकतो. मृग मात्र दरसाल ७-८ जूनलाच लागतो, कारण पावसाची नक्षत्रे सूर्याची आहेत आणि दिनमानही सूर्याचेच. 'पाडव्याला पेर' हा सल्ला एखाद्या वर्षी तीन आठवड्यांनी चुकतो, 'रोहिणीत पेर' हा चुकत नाही. अडाणी म्हणून ज्यांची टिंगल झाली त्यांना कोणता हिशोब कुठे चालतो हे कळत होते.

उष्णतेचे काय? दिनमान हा घड्याळाचा काटा, तर उष्णता त्या काट्याला दिलेला धक्का. दिवस लांब होत असतानाच पारा चढला की लांब दिवसाची झाडे घाई करतात. पाने काढायची ती दहाच्या जागी सहा काढतात आणि फुलाला लागतात. इथे पाण्याचा ताण पडला तर दांडा चार दिवस आणखी आधी येतो, हेही खरे. आम्ही तज्ज्ञांवर अन्याय करू इच्छित नाही. पण चार दिवसांचे कारण सांगायचे आणि वीस दिवसांचे झाकायचे याला सल्ला म्हणत नाहीत. हिरव्या जाळीचे म्हणाल, तर जाळीखाली उष्णता उतरते आणि कोथिंबीर थोडी थांबते. पण जाळीने सूर्य उशिरा उगवत नाही. पालक वैशाखात जाळीखालीही दांड्यावर जाणारच, फक्त जरा सावकाश. आणि रस्त्याच्या मोठ्या दिव्याखालचा वाफा आधी फुलला तर देवाला कौल लावू नका, रात्रीचा उजेड कारण आहे.

उलट थंडीचाही फटका असतो. कांदेवाल्यांना तो चांगला माहीत आहे. निफाडकडे पारा घसरला की लवकर लावलेल्या, माना जाड झालेल्या कांद्याला डेंगळे येतात. तिथे थंडीने फूल जागे होते. कोबीचे तर असे की रोप पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर कित्येक आठवडे चांगली कडक थंडी लागल्याशिवाय त्याला फूलच येत नाही. आपल्या पठारावर ती थंडी नाही. म्हणून आपला कोबी गड्डा होतो, फुलत नाही, आणि म्हणूनच कोबीचे बी आपण घरी धरू शकत नाही. ते कुलू-काश्मीरसारख्या थंड मुलखातून किंवा परदेशातून येते. कोबीवाला शेतकरी बियाण्यासाठी दुकानाला कायमचा बांधलेला आहे तो कुठल्या करारामुळे नाही, हवामानामुळे. कोथिंबीर, मेथी, पालक, अंबाडी यांना मात्र आपल्याच शिवारात फूल येते. ज्या फुलामुळे जुडी जाते त्याच फुलामुळे बियाणे आपल्या हातात राहते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बाजाराकडे बघा. पौष-माघात दिवस लहान, हवा गार. कोथिंबीर-मेथी कोणीही कुठेही पेरावी, ती पानावर राहते. मग सगळ्यांचीच येते, आणि मेथीच्या गाड्या भाड्याचेही पैसे न सुटल्यामुळे बाजाराबाहेर रिकाम्या कराव्या लागतात. वैशाख-ज्येष्ठात दिवस मोठा, हवा तापलेली. निम्मे वाफे दांड्यावर जातात, माल तुटतो, तेव्हा भाव चढतो. म्हणजे भाव आणि दांडा एकाच महिन्यात येतात. भाव चढला की शहरातली वर्तमानपत्रे कोथिंबिरीच्या जुडीचा फोटो पहिल्या पानावर छापून गृहिणीचे बजेट कोसळल्याचा गळा काढतात. ज्याची अर्धी कोथिंबीर शेळ्यांनी खाल्ली त्याच्या बजेटचा फोटो कधी छापून येत नाही. आणि माघात भाव पडला की तेच विद्वान आम्हाला शिकवतात, 'शेतकऱ्यांनी नियोजन करावे, बाजारात तेजी असते तेव्हा माल आणावा.' अहो, आणला असता! वैशाखात पानावर टिकणारे बी कुठे आहे ते सांगा.

इथे मूळ प्रश्नाशी येऊ. वैशाखात टिकणारी कोथिंबीर असू शकते का? असते. मावशींच्या वाफ्यात होती. मग दुकानात का मिळत नाही? कारण बियाण्याचे बरेचसे पीक धन्यासाठी घेतले जाते. धन्याचा शेतकरी, आणि त्याच्याकडून घेऊन पिशवी भरणारा व्यापारी, यांना काय हवे? लवकर फुलणारे, एकदम पिकणारे, भरघोस धने देणारे झाड. तेच वर्षानुवर्षे निवडले जाते. मसाल्याच्या दृष्टीने ते उत्तमच आहे. पण पानवाल्याला नेमके उलटे हवे, सर्वांत उशिरा फुलणारे झाड, आणि असे झाड धने कमी देते, उशिरा देते, म्हणजे बी विकणाऱ्याला महाग पडते. बी विकणाऱ्याचा नफा लवकर फुलण्यात आणि आमचा नफा उशिरा फुलण्यात. पाकीट मात्र एकच, वर हिरव्यागार जुडीचे चित्र आणि खाली 'वर्षभर पेरणीस योग्य'. उशिरा दांडा येणारे चांगले वाणही बाजारात आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कुठल्या मुलखात, कुठल्या पंधरवड्यात पेरून उशिरा, हे पाकिटावर नसेल तर 'उशिरा' या शब्दाला काय अर्थ? दिल्लीच्या चौदा तासांत पारखलेल्या वाणाचा काटा वेगळा, आपला वेगळा.

आणि यावर कडी म्हणजे टॉनिक. उन्हाळ्यात मेथी-कोथिंबीर वाढत नाही म्हटले की काही दुकानांतून वाढीची बाटली पुढे सरकते. बाटलीत जिबरेलिक आम्ल, म्हणजे द्राक्षवाल्यांचे ओळखीचे जीए, असले तर जरा थांबा. जमिनीलगत पाने पसरून बसलेल्या लांब दिवसाच्या झाडांना हेच द्रव्य दिवस लहान असतानाही दांडा काढायला लावते, हे १९५० च्या दशकापासून वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात आहे. पाने लांबल्यासारखी दिसतात, दोन दिवस जुडी बरी भरते, आणि मागोमाग दांडा. मग तक्रार केली की, 'व्यवस्थापन चुकले'!

कायदा काय म्हणतो? १९६६ च्या बियाणे कायद्याने पाकिटावर उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख असे छापायला लावले. बी उगवेल की नाही एवढीच काळजी. उगवल्यावर पान देईल की दांडा, यावर अक्षर नाही. शंभर टक्के उगवून शंभर टक्के दांड्यावर गेलेला वाफा या कायद्याच्या दृष्टीने उत्तम बियाण्याचा नमुना ठरतो! २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात मात्र ३९ व्या कलमाचे दुसरे पोटकलम आपल्या कामाचे आहे. नोंदणीकृत वाणाचे बी विकताना कोणत्या परिस्थितीत काय उत्पन्न अपेक्षित आहे हे शेतकऱ्याला सांगितले पाहिजे, आणि तसे झाले नाही तर प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. आणि जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, आणि तपासणीसाठी बियाण्याचा नमुना त्यानेच राखून ठेवायला हवा होता असा आग्रह त्याच्याकडे धरता येत नाही. शेतकऱ्याने सगळे बी पेरले हा त्याचा गुन्हा नव्हे. बी पेरण्यासाठीच घेतात.

पण कोर्टात जायचे तर हातात काही हवे. 'दांडा लवकर आला' याला पुरावा नाही. 'अमुक तारखेला पेरले, अमुक तारखेला दहातल्या सहा झाडांना दांडा दिसला, शेजारच्या वाणाला त्या दिवशी एकालाही नव्हता' याला पुरावा म्हणतात. पाकीट फेकू नका, पावती फेकू नका, पाकिटाचा लॉट नंबर दिसेल असा फोटो पेरणीच्या दिवशीच काढा. पंचनाम्याला समिती आली तर शेजारचा दुसऱ्या वाणाचा वाफा दाखवा आणि त्याची नोंद कागदावर आली का ते सहीपूर्वी वाचून घ्या. आम्ही एकेकाळी तशी नोंद घेतली नव्हती, म्हणून सांगतो.

आणि बियाणे. पाकिटावर छापून येण्याची वाट बघत बसायचे कारण नाही. या फाल्गुनापासून प्रत्येक तालुक्यात निदान पाच शेतकऱ्यांनी कोथिंबिरीचा एक वाफा बियाण्यासाठी राखावा. पहिला दांडा दिसेल ते झाड उपटून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सुरुवातीची निम्मी झाडे अशी काढायची, सगळ्यांत शेवटी फुलतील त्यांचेच धने धरायचे. आपल्याकडे उलटे होते: चांगली झाडे जुडीत जातात आणि दांड्यावर गेलेली विकत नाहीत म्हणून बियाण्याला राहतात. अशाने दरवर्षी आपणच आपले बी बिघडवतो. याचा दोष मात्र कंपनीला देता येणार नाही. कोथिंबिरीच्या फुलावर मधमाश्या येतात, तेव्हा जवळपास दुकानाच्या बियाण्याची कोथिंबीर फुलू देऊ नका. मेथीचे सोपे आहे, ती बहुतांशी आपल्याच परागावर बी धरते. पालकाचा पराग वाऱ्यावर दूर जातो, म्हणून पालकाचे बी गावात एकानेच एका वाणाचे धरावे. तीन-चार पिढ्यांत फरक डोळ्यांना दिसतो. मावशींनी दुसरे काही केले नव्हते. शेवटची झाडे ठेवायची असे त्यांच्या सासूने सांगितले होते, एवढेच.

येत्या जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा आहे तो असा: पालेभाज्यांच्या प्रत्येक पाकिटावर कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या पंधरवड्यात पेरून, किती दिवसांनी दांडा दिसला हे छापावे, आणि विद्यापीठांनी प्रत्येक विभागात बाजारातले वाण दर पंधरवड्याला पेरून त्याचे निकाल जाहीर करावेत. हे काम अवघड नाही. एक वाफा, एक वही आणि दर पंधरा दिवसांनी मूठभर बी एवढाच खर्च आहे. सरकारने केले नाही तर आपण करू. ज्यांच्याकडे यंदाच्या उन्हाळ्यातल्या पेऱ्याच्या तारखा असतील त्यांनी वाणाचे नाव, पेरणीची तारीख आणि पहिला दांडा दिसल्याची तारीख कागदावर लिहून बैठकीला आणावी. पाकीट सोबत असेल तर फारच बरे. बैठक संपल्यावर तालुकावार बसून तक्ता तिथेच भरायचा आहे, तेव्हा परतीच्या एसटीची घाई करू नये.